काउबॉयची साधने आणि मुलांचे हात : प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग यांसारख्या गुराढोरांच्या राज्यांत, लहान मुलांच्या हस्तकलेचा एक मोठा विभाग काउबॉय आणि काउगर्ल या दोन व्यक्तिरेखांभोवती वाढलेला दिसतो. खाकी कागदाचे जाकीट, पुठ्ठ्याची रुंद कडेची टोपी, चंदेरी कागदात गुंडाळलेला शेरीफचा तारा, मोज्याचे तोंड बसवलेला काठीचा घोडा, बटाट्याच्या ठशाने उमटवलेला गुरांच्या मालकीचा डाग अशा वस्तू तेथील बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या आहेत. ह्यूस्टन शहरात १९३२ पासून भरत आलेले पशुप्रदर्शन आणि त्याला जोडलेला रोडिओ, म्हणजे घोडेस्वारी, फास टाकणे, उधळलेल्या जनावरावर तग धरणे अशा कौशल्यांच्या स्पर्धांचा सोहळा, सुरू होण्याच्या तोंडावर ‘गो टेक्सन डे’ नावाचा एक दिवस पाळला जातो आणि त्या दिवशी शाळकरी मुले काउबॉयच्या वेशात वर्गात येतात. त्या शहरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आदल्या रात्री टोपी, रुमाल आणि बूट यांची शोधाशोध होते ती याच कारणाने. जुलै महिन्यातील चौथा शनिवार २००५ पासून ‘नॅशनल डे ऑफ द काउबॉय’ म्हणून साजरा होऊ लागल्याने या हस्तकलेला उन्हाळी सुट्टीतही एक निमित्त मिळाले आहे.

या वस्तूंचा विचार करताना एक विसंगती प्रथम ध्यानात घ्यावी लागते. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तू मुळात कामाचे साधन होती. मुलांच्या हाती मात्र ती आली ती खेळतमाशे, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या मार्गाने, आणि या प्रवासात तिचे काम गळून पडून केवळ रूप उरले. मूल जे करते ते बहुधा या उरलेल्या रूपाची नक्कल असते, आणि शिक्षकही टोपीला कड का, रुमाल गळ्यातच का, बुटाची टाच उंच का, हे सांगायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी की, वस्तूचे मूळ काम कळले तर तिची घडणही सुधारते, कारण कोठे कापावे, कोठे दुमडावे आणि काय वगळावे याचा निर्णय मग नमुन्याकडे न पाहताही करता येतो.

इतिहास म्हणून पाहिले तर काउबॉयचा खरा काळ फार थोडा होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्सासच्या माळरानावर लांब शिंगांची लाखो जनावरे मोकाट वाढलेली होती. त्यांना तेथे गिऱ्हाईक नव्हते आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला मागणी भरपूर होती. जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील ॲबिलीन या रेल्वेस्थानकापाशी गुरांचे कोंडवाडे उभारले, आणि तेथपर्यंत शेकडो मैल कळप हाकत नेण्याचा उद्योग भरभराटीला आला. दोन-अडीच हजार जनावरांच्या एका कळपामागे साधारण दहा-बारा स्वार असत, दिवसाकाठी दहा-पंधरा मैलांची मजल होई, आणि या स्वारांत गोऱ्यांच्या जोडीने कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि मूलनिवासी माणसेही मोठ्या संख्येने होती, ही गोष्ट पुढे पडद्यावरच्या काउबॉयने बराच काळ विसरायला लावली. जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतल्यावर मोकळी कुरणे कुंपणांखाली जाऊ लागली, रेल्वे टेक्सासपर्यंत पोचली, आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांवर असंख्य जनावरे मेल्यानंतर त्या जुन्या पद्धतीचा कणाच मोडला. म्हणजे ज्या जीवनाची नक्कल जवळजवळ दीडशे वर्षे चालू आहे, ते जीवन मुळात जेमतेम वीस-बावीस वर्षे टिकले. शिवाय त्यातील विद्याही अमेरिकी काउबॉयची स्वतःची नव्हती. घोड्यावरून गुरे राखणे, चामड्याच्या किंवा दोरीच्या फासाने जनावर धरणे, विशिष्ट घडणीचे खोगीर वापरणे हे सारे मेक्सिकोतील ‘वाकेरो’ नावाच्या गुराख्यांकडून आलेले होते, आणि त्यांना घोडा व गाय ही दोन्ही जनावरे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणून दिलेली होती.

काउबॉयचे काम संपत आले तेव्हाच त्याचा तमाशा सुरू झाला. विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ याने १८८३ मध्ये आपला ‘वाइल्ड वेस्ट’ हा फिरता खेळ उभा केला आणि १८८७ मध्ये तो राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात लंडनपर्यंत नेला. गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही स्वार ठळक दिसावा म्हणून कपडे भडक झाले, टोप्या मोठ्या झाल्या, झिरमिळ्या लांबल्या. पुढे चित्रपटांनी हेच रूप उचलले आणि १९४९ मध्ये ‘हॉपअलाँग कॅसिडी’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आल्यावर ते घरोघरी पोचले; पुढच्याच वर्षी त्या नायकाचे चित्र असलेला शाळेचा डबा बाजारात आला आणि टोप्या, पट्टे, तारे, खेळण्यातली पिस्तुले यांचे तयार संच दुकानांत लटकू लागले. ज्या घराला असा संच परवडत नसे त्या घरात आई खाकी पिशवी आणि कात्री घेऊन बसत असे. या प्रकारची हस्तकला बऱ्याच अंशी विकतच्या वस्तूची घरगुती पर्यायी आवृत्ती म्हणून वाढली, आणि तिच्यात कुरणापेक्षा पडद्याची छाप अधिक आहे ती त्यामुळे.

खाकी जाकीट हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. अमेरिकी किराणा दुकानांतून मिळणारी सपाट तळाची मोठी कागदी पिशवी ही त्याची सामग्री. अशा पिशव्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट मार्गारेट नाइट या स्त्रीने १८७१ मध्ये, म्हणजे गुरांचे कळप ऐन भरात चालले असताना मिळवले, हा निव्वळ योगायोग असला तरी नोंदवण्याजोगा आहे. पिशवी उलटी धरली की तळ खांद्यांवर येतो. रुंद बाजूंपैकी एक बाजू मधोमध उभी कापली की जाकिटाचा पुढचा भाग उघडतो, तळात गोल छेद घेतला की गळा होतो, आणि दोन्ही अरुंद बाजूंना वरच्या अंगाला छेद घेतले की हात जातात. छापील मजकूर दिसू नये म्हणून पिशवी आधीच उलटून घ्यावी. जाणत्या शिक्षिका यापुढे एक गोष्ट आवर्जून करवतात : जाकीट चुरगळून त्याचा गोळा करायचा, तो हलक्या हाताने उलगडायचा, पुन्हा चुरगळायचा. आठ-दहा वेळा असे केल्यावर कागदाचे तंतू सैल पडतात, करकर आवाज थांबतो, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांचे जाळे उमटते आणि कागद चामड्यासारखा मऊ पडून अंगावर नीट बसतो. घाईने चुरगळले तर काखेतल्या छेदापाशी कागद हमखास फाटतो, म्हणून तेथे आतून चिकटपट्टी लावलेली बरी.

त्यानंतर खालच्या काठाला झिरमिळ्या कापण्याची जी पद्धत सरसकट रूढ आहे, तिच्याविषयी मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे. झिरमिळ्यांचा पोशाख मुळात अमेरिकेतील मूलनिवासी समाजांच्या हरणाच्या कातड्याच्या कपड्यांतला. तो सीमेवरच्या शिकाऱ्यांनी आणि वाटाड्यांनी उचलला आणि त्यांच्याकडून कोडीच्या खेळात गेला. कळप हाकणाऱ्या सामान्य काउबॉयचे जाकीट साधे, बिनबाह्यांचे आणि बिनझालरीचे असे, आणि ते घालण्याचे कारण त्याचे खिसे हे होते. खोगिरावर मांड ठोकून बसलेल्या माणसाला विजारीच्या खिशात हात घालता येत नाही. त्यामुळे तंबाखू, काड्यापेटी, पेन्सिलीचा तुकडा आणि जनावरांची मोजदाद लिहिण्याची चिमुकली वही या गोष्टी जाकिटाच्या खिशांत राहत. मुलाने झिरमिळ्या कापल्या तर त्यात काही बिघडत नाही, कात्री चालवण्याचा तो उत्तम सराव आहे. पण दोन खिसे चिकटवून त्यांत चार कागद दुमडून केलेली वही ठेवली, तर ते जाकीट अधिक खरे होते आणि मुलाला दिवसभर पुरणारा खेळही मिळतो.

टोपीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जॉन स्टेट्सन याने १८६५ मध्ये फिलाडेल्फियात ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ ही नमद्याची टोपी, म्हणजे प्राण्यांची लव दाबून केलेल्या जाड वस्त्राची टोपी, बाजारात आणली तेव्हा तिची कड सपाट आणि वरचा भाग गुळगुळीत गोल होता. आज काउबॉय टोपीची खूण मानला जाणारा मधला खळगा आणि बाजूंनी वळलेली कड ही वापरणाऱ्यांनी आपापल्या परीने पाडलेली वळणे आहेत. म्हणून कागदी ताटलीच्या टोपीला साच्यातले वळण देण्यापेक्षा ज्याला जशी हवी तशी त्याने वळवावी हेच इतिहासाला धरून होय. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन वाकेरोंकडून विद्या शिकलेले ‘पानिओलो’ नावाचे गुराखी तर टोपीभोवती फुलांची माळ गुंडाळतात, आणि क्रेप कागदाच्या फुलांची अशी माळ करायला मुलांना मनापासून आवडते. बुटांचे तसेच : निमुळते टोक रिकिबीत पाय चटकन जावा म्हणून आणि उंच टाच तो पलीकडे निसटून अडकू नये म्हणून, एवढे सांगितले की पुठ्ठ्यावर बूट काढणारे मूल टाच विसरत नाही.

रुमालाचा विषय मात्र भारतीय वाचकाच्या जवळचा आहे. काउबॉयच्या गळ्यातला लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा ‘बँडाना’ नावासकट भारतातून गेलेला आहे. कापडाला चिमटीत धरून दोऱ्याने घट्ट बांधायचे, मग रंगात बुडवायचे आणि सोडल्यावर बांधलेल्या जागी पांढरा ठिपका उरू द्यायचा ही जी बांधणीची रीत, त्या रीतीने रंगवलेले रेशमी रुमाल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून बंगालमधून इंग्लंडला जात, आणि तपकीर ओढणाऱ्यांत त्यांना विशेष मागणी असे, कारण रंगीत रुमालावर तपकिरीचे डाग दिसत नाहीत. युरोपातील कारखानदारांनी पुढे तेच ठिपके सुती कापडावर छापून स्वस्त माल काढला. काश्मिरी शालींवरची कोयरीही अशीच छपाईत शिरली. आणि हा छापील चौकोनी रुमाल अमेरिकेच्या माळरानावर पोचला. तेथे तो दागिना नव्हता. कळपाच्या अगदी मागे चालणाऱ्या स्वारांच्या नाकातोंडात हजारो खुरांची धूळ जाई, आणि ही जागा बहुधा नवख्या पोरांच्या वाट्याला येई. त्रिकोणी दुमडून गाठ मानेमागे आणि टोक पुढे असा बांधलेला रुमाल नुसता वर ओढला की नाक-तोंड झाकले जाई. धुळीचा बंदोबस्त झाला की त्याच रुमालाने घाम पुसावा, गरम भांडे धरावे, जखम बांधावी.

हस्तकलेच्या बहुतेक नमुन्यांत मुलांना तयार रुमाल देऊन त्यावर खडूने ठिपके काढायला सांगतात. त्यापेक्षा सुमारे ५५ सेंटिमीटर चौरस पांढरे सुती कापड घेऊन त्यात वाटाण्याचे किंवा राजम्याचे दाणे एकेक गुंडाळून रबराने आवळावेत आणि कापड लाल रंगात बुडवावे. पाण्यात भिजवलेले कापड रंग एकसारखा घेते, कोरडे कापड डाग धरते, आणि रबर सैल असेल तर ठिपक्याऐवजी गुलाबी धब्बा येतो. कापड पूर्ण वाळण्याआधी रबर सोडण्याचा मोह मुलांना आवरत नाही, आणि रंग वाहून ठिपके बिघडतात ते त्यामुळेच. या एका कामात मूल बांधणीची मूळ कृती आपल्या बोटांनी करते, तेव्हा भारतीय वंशाच्या मुलाला परक्या वेशातही घरचा धागा सापडतो. साठवणीतली आजीची बांधणीची साडी अशा वेळी वर्गात नेऊन दाखवता आली तर उत्तमच.

वगळण्यासारख्या गोष्टींत दोन ठळक आहेत. एक म्हणजे खेळण्यातली पिस्तुले, ज्यांना अमेरिकी शाळांत आता जागा उरलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘काउबॉय आणि इंडियन’ या जुन्या खेळाच्या आधाराने रंगीत कागदाच्या पिसांचा मुकुट करण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. परंतु लाकोटा, शायेन यांसारख्या मैदानी मूलनिवासी समाजांत गरुडपिसांचा शिरोभूषणासारखा वापर हा पराक्रमाने आणि समाजाच्या मान्यतेने मिळवायचा अधिकार असतो, आणि त्याला आजही धार्मिक अर्थ आहे. इतिहासकार फिलिप डेलोरिया यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेइंग इंडियन’ या ग्रंथात गोऱ्या अमेरिकनांच्या अशा सोंगांचा सविस्तर मागोवा घेतला आहे. जिवंत समाजाची पवित्र खूण पंधरा मिनिटांच्या चिकटकामात बसवणे योग्य नव्हे, आणि ती वगळल्याने या हस्तकलेचे काही अडतही नाही.

काउगर्लचा प्रश्न वेगळा आहे. मुलींसाठी जे नमुने मिळतात त्यांत तीच टोपी गुलाबी होते, तेच बूट चमकीचे होतात आणि घागऱ्याला झिरमिळ्या लागतात. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर डेल एव्हन्स आणि ‘ॲनी ओकली’ या मालिकेतील गेल डेव्हिस या अभिनेत्रींनी जो पोशाख घातला त्याचा हा वारसा. प्रत्यक्षातील ॲनी ओकली ओहायो राज्यातली; १८८५ मध्ये ती कोडीच्या खेळात आली ती अचूक नेमबाज म्हणून, आणि तिने गुरे कधी राखली नव्हती. रोडिओच्या मैदानात मात्र स्त्रियांनी खरोखरच बिथरलेल्या घोड्यांवर मांड ठोकली होती. १९२९ मध्ये ओरेगन राज्यातील पेंडलटन येथे बॉनी मॅकॅरल ही स्वार घोड्यावरून पडून मरण पावल्यावर त्यांना या स्पर्धांतून हळूहळू बाजूला सारण्यात आले, आणि १९४८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे स्त्रियांनी स्वतःची रोडिओ संघटना स्थापन केली. तरी मुलींच्या हस्तकलेसाठी सर्वांत उपयोगी व्यक्तिरेखा यांपैकी कोणतीच नव्हे, असे या विवेचनाचे मत आहे. ती आहे लिझी जॉन्सन : टेक्सासमधील शाळाशिक्षिका, गुरांच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिता लिहिता धंद्याची नस ओळखलेली, आणि १८७१ मध्ये स्वतःच्या नावाने गुरांचा डाग नोंदवून घेतलेली स्त्री. तिने १८७९ मध्ये लग्न केले तेही आपली मालमत्ता आपल्याच नावे राहील असा करार करून. गुलाबी चमकीपेक्षा तिचा डाग आणि तिची हिशेबवही मुलींना जास्त काही देऊन जातात.

काठीचा घोडा आणि फास यांची कृती सर्वपरिचित असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही. जुन्या मोज्यात कापूस ठासून, बटणांचे डोळे आणि लोकरीची आयाळ लावून केलेला घोडा कोणत्याही घरात होतो, आणि विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवणाऱ्या मुलांना त्याची गोडी वेगळी सांगावी लागणार नाही. फासाबाबत एकच पथ्य कडक आहे : तो माणसावर, विशेषतः गळ्याच्या दिशेने, कधीही टाकायचा नाही. रँचवरची, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या वाड्यांवरची, मुलेसुद्धा गवताच्या गठ्ठ्याला बनावट शिंगे लावून सराव करतात. शहरी मुलांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला शिंगे लावावीत, आणि ती ऐसपैस लावावीत, कारण टेक्सासच्या त्या लांब शिंगांच्या, म्हणजे लाँगहॉर्न, जनावराच्या शिंगांचा विस्तार दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

राहता राहिला डाग. मोकळ्या कुरणावर अनेक मालकांची जनावरे एकत्र चरत असल्याने तापल्या लोखंडाने कातडीवर उमटवलेली खूण हाच मालकीचा पुरावा असे, आणि ती परगण्याच्या कचेरीत नोंदवावी लागे. या खुणांचे एक व्याकरण आहे. आडवे पडलेले अक्षर ‘लेझी’, म्हणजे आळशी, खाली झुल्यासारखी कमान असलेले ‘रॉकिंग’, दोन्ही बाजूंना पंख फुटलेले ‘फ्लाइंग’, उलटे ‘क्रेझी’, सोबतची आडवी रेघ ‘बार’. वाचन डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत. मुलाने आपल्या नावाच्या आद्याक्षरावरून असा डाग योजायचा, अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर तो कोरायचा आणि रंगात बुडवून कागदावर उठवायचा, यात अक्षर, भूमिती आणि हस्तकौशल्य एकत्र येते. येथेही मूळ कामाचे ज्ञान उपयोगी पडते : लोखंडाच्या रेघा फार जवळ असल्या तर कातडी एकसंध भाजून खूण वाचता येत नसे, म्हणून डाग सुटसुटीत ठेवत, बटाट्यावरही बारीक फट रंगाने बुजते. ठसा उलटा उमटतो हे ‘एन’ किंवा ‘आर’ कोरणाऱ्या मुलाला पहिल्या ठशातच कळते, तर ‘ए’ किंवा ‘डब्ल्यू’ कोरणारा नशीबवान ठरतो. देवनागरी अक्षर घेतले तर शिरोरेषेमुळे प्रत्येक डागावर आपोआपच एक ‘बार’ बसतो.

वर्गात हे काम करताना एकाने कचेरीतला कारकून व्हावे आणि प्रत्येक डाग वहीत नोंदवून घ्यावा, एकसारखे दोन आले तर दुसऱ्याला परत पाठवावे. गुरेचोर जुन्या डागाला तापल्या सळईने एखादी रेघ जोडून त्याचा नवा डाग करत, हे सांगितल्यावर मुले नोंदवहीकडे लगेच त्या नजरेने पाहू लागतात. ‘सी’चा ‘ओ’ आणि ‘पी’चा ‘आर’ होतो हे कोणाच्या तरी लक्षात येतेच, आणि मग अर्ध्या वर्गाला नवा बटाटा घ्यावा लागतो.